दोन दिवस पैसे कुठे होते?

"पण दोन दिवस पैसे होते कुठी?" मदनसिंग आडेने तिसऱ्यांदा विचारले.

बँकेच्या वाशिम शाखेतल्या, काचेपलीकडच्या मयंकने पुन्हा एकदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. जणू मघाशी नसलेले उत्तर आता तिथे उगवले असेल.

"काका, सिस्टिममध्ये चौदा तारीख दाखवून राह्यली. कार्डाचं बिल भरायची शेवटची तारीख बारा होती. म्हणून लेट फी पडली. पाचशे रुपये, अन् वरतून नव्वद जीएसटी."

"ते समजलं मले. पण म्या बारा तारखेलेच भरले ना! हे पाय." मदनसिंगने मोबाइल काचेला टेकवला. "शनिवार, अकरा वाजून वीस मिनिटं. माह्या खात्यातून त्याच मिनिटाले गेले. तुमच्यापाशी आले सोमवारी. मंग शनिवार-रविवार मुक्काम कुठी केला त्यायनं?"

रांगेत मागे उभा असलेला एकजण हसला. मदनसिंग हसला नाही. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्थानकावर तो वाहतूक नियंत्रक होता. निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते. गेली कित्येक वर्षे खिडकीमागच्या टेबलाशी बसून तो एकच काम करत आला होता. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटली, इथे किती वाजता पोहोचली, पुढे किती वाजता गेली, ते वहीत लिहायचे आणि माइकवरून पुकारायचे. वाशिमहून निघालेली गाडी अर्धा तास उशिरा आली, तर त्या अर्ध्या तासाचा पत्ता कुठेतरी लागायचाच. टायर बसलेला असायचा, नाहीतर रस्त्यात ट्रॉली उलटलेली असायची. वाटेत गडप झालेला वेळ त्याने आजवर पाहिला नव्हता. आणि इथे तर अख्खे दोन दिवस गडप झाले होते.

शिवाय त्याचा स्वभावच तसा. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शाळेत गेलेला तो पहिला मुलगा. चौथीत असताना गुरुजींनी फळ्यावर काही लिहिले की ह्याचा हात वर. "काहून, गुरुजी?" म्हणजे, का? शेवटी गुरुजींनीच त्याचे नाव काहूनसिंग ठेवले. ते नाव तांड्यावरून तालुक्याला आले आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडी बसले. मदनसिंगला त्याचा राग नव्हता. उलट, ज्याला काही विचारावेसे वाटत नाही त्या माणसाचे दिवस कसे जात असतील, असा त्याला प्रश्न पडे.

क्रेडिट कार्ड त्याने मागितले नव्हते. गेल्या वर्षी बँकेच्या माणसांनी बसस्थानकावर टेबल मांडले होते, तेव्हा ते गळ्यात पडले. पण उपयोगीही पडले. चतुराबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ऐकू येईनासे झाले होते. अकोल्याहून तिच्या कानाचे यंत्र आणले ते त्याच कार्डावर. दर महिन्याला तो तारखेच्या आत पैसे भरायचा. त्या एका महिन्यात तेवढी अखेरच्या दिवसाची वेळ आली, आणि पुढच्या बिलावर शेवटून दुसऱ्या ओळीत ते दोन शब्द आले, विलंब शुल्क.

"तुमी असं करा," मयंक म्हणाला, "कस्टमर केअरला फोन लावा. ते माफ करतात कधीकधी."

"माफ?" मदनसिंगने तो शब्द उचलून उलटसुलट करून पाहिला. "बरं. लावतो."

---

फोन त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी लावला, गाड्यांची गर्दी ओसरल्यावर, बसस्थानकासमोरच्या फुलचंदच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी आणि एक भट्टी. मदनसिंगने फोनचा आवाज मोठा ठेवला. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा असे करत अकरा मिनिटांनी एक मुलगी बोलायला आली. हिंदीत, फार गोड.

तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, आप हमारे पुराने ग्राहक हैं. सद्भावना के तौर पर हम इस बार चार्ज माफ कर देते हैं. आगे से समय पर भुगतान कीजिएगा."

फुलचंदने झारा वर करून 'जिंकलात' अशी खूण केली. बाकड्यावरच्या दोघा ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. मदनसिंगने मात्र फोन तोंडाजवळ ओढला.

"मॅडम," तो आपल्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाला, "माफ नहीं करने का. माफ तो उसको करते, जिसने गलती किया. मैंने किया क्या, वो बताओ."

"सर, आपका चार्ज वापस हो रहा है."

"वो बराबर है. पण आप लिखोगे क्या? मदनसिंग लेट था, हमने छोड दिया. ऐसाच ना? मैं लेट नहीं था. पैसा दो दिन कहां था, वो बताओ, और लिख के दो. नहीं तो चार्ज रहने दो."

मुलीने विचारले की आणखी काही मदत हवी आहे का, आणि फोन ठेवला.

"अबे, पागल झाला का तू?" फुलचंद उखडला. तो आणि मदनसिंग एकाच वर्गातले. "घरी चालत आलेली लक्ष्मी वापस केली. पाचशे नव्वद रुपये! माह्यं दोन दिवसाचं दूध येते त्यात."

"पैशाचा सवाल नाई, फुलचंद."

"मंग कायचा सवाल हाये?"

मदनसिंगला ते नीट सांगता येईना. तीस-बत्तीस वर्षे लोकांच्या उशिराची नोंद करणाऱ्या माणसाच्या नावावर कुणीतरी उशीर लिहून ठेवला होता, आणि तोही खोटा. ते पाचशे नव्वद परत घेऊन तो उशीर कसा पुसला गेला असता?

चतुराबाईने रात्री जेवताना सगळे ऐकले. यंत्र लावल्यापासून तिला आता हवे ते आणि नको ते, दोन्ही ऐकू यायचे. ऐकून ती एवढेच म्हणाली की बँकेने सोडले तरी तू काही बँकेला सोडणार नाहीस.

---

पुढच्या सुट्टीला तो पुन्हा वाशिमला गेला. या वेळी त्याने मोठा कागद तयार केला होता. दोन पाने, सुवाच्य अक्षरात. खात्यातून पैसे गेल्याची वेळ, व्यवहाराचा क्रमांक, शनिवार आणि रविवार, सगळे त्यात होते.

मयंकने ती पाने वाचली. पोरगा कारंज्याचा, किराणा दुकानदाराच्या घरातला. बँकेत लागून दोन वर्षेही झाली नव्हती. वाचून होईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा उतरला होता.

"काका, अक्षर लय भारी हाये तुमचं."

"अक्षराचं जाऊ दे. उत्तर सांग."

मयंकने आजूबाजूला पाहिले. मग ड्रॉवरमधून एक जाड पुस्तिका काढली. कार्डासोबत सगळ्यांना मिळते आणि सगळे फेकून देतात, ती नियमांची पुस्तिका. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे. त्याने पाने उलटली, एका ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि पुस्तिका काचेखालून पुढे सरकवली.

"मी काही बोललो नाही," तो हळूच म्हणाला. "हे बँकेचंच पुस्तक हाये. रिझर्व्ह बँकेच्या नियमावरून छापलेलं. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, तरच लेट फी लावता येते. तुमचे पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले, तिसऱ्या दिवशी झाले, तरी बी लागत नाही. तुमचं काम झालं समजा. तुमी उशीर केलता की नाही, हे सिद्ध करायचीबी गरज नाही."

त्याला वाटले, म्हातारा खूश होईल. पण मदनसिंगचा चेहरा पडला.

"म्हंजे बँक असं म्हणन, का तू उशिराच आला, पण तीन दिवस चालते."

"काका, तुमाले पैसे वापस पाह्यजे का नाही?"

"मले उत्तर पाह्यजे," मदनसिंग म्हणाला. पुस्तिका मात्र त्याने पिशवीत टाकली.

---

काहूनसिंग बँकेशी भांडतो आहे, ही बातमी तोवर सगळ्या मार्गांवर पसरली होती. ड्रायव्हर जाता-येता खिडकीतून ओरडायचे, "साहेब, सापडले का पैसे?" तोही हसून हात हलवायचा.

बुधवारी दुपारची वाशिमची गाडी लागली. प्रवासी उतरले आणि ज्योत्स्ना खिडकीशी आली. ती जऊळक्याची, सहा-सात वर्षांपासून कंडक्टर. पस्तिशीची, कामाला चोख, बोलायला कमी. तिने रोजचा कागद सहीसाठी सरकवला आणि मग तिथेच उभी राहिली.

"साहेब, ते तीन दिवसाचं खरं हाये का?"

"कोनतं?"

"फुलचंदभाऊ सांगत होते. तीन दिवसाच्या आत भरलं त दंड लागत नाई म्हनून."

"पुस्तकात त तसंच लिवलं हाये. काहून?"

तिने तिकिटाच्या पिशवीच्या मागच्या कप्प्यातून घड्या घातलेले कागद काढले. सात महिन्यांची बिले होती. त्याच बँकेचे कार्ड, त्याच टेबलावरून घेतलेले. तिची शेवटची तारीख पाच होती. पगार हाती यायचा सातला, कधी आठला. पगार झाला की त्याच दिवशी पैसे भरले जायचे. आणि सातही बिलांवर पाचशे नव्वद, पाचशे नव्वद, पाचशे नव्वद.

मदनसिंगने कागद एकापुढे एक मांडले. प्रत्येक ठिकाणी भरल्याची तारीख बोटाने शोधली. दोन दिवस. तीन दिवस. दोन दिवस.

"सात महिने दंड भरत राह्यली? एकदाबी इचारलं नाई?"

"काय इचारू? उशीर त माह्याच हातून झालता." ती खाली पाहत बोलली. "यायनं तिसऱ्याच महिन्यात कार्ड घेतलं माह्यापासून. मोबाइलमधलं बँकेचं ॲपबी काढून टाकलं. म्हणाले, तुले पैशाचं जमत नाई. आता पगार त्यायच्याकडंच जाते, बिलबी तेच भरतेत. मले येण्या-जाण्यापुरते देतेत." यायनं म्हणजे तिच्या नवऱ्याने, विकासने. "मी रोज बारा-चौदा हजार जमा करते डेपोत, साहेब. एक रुपया कमी भरला नाई कदी. पन घरी मले पैशाचं जमत नाई."

तिने मान वर केली.

"एकदा इचारलं होतं म्या. फोन लावला होता बँकेले, इथंच, त्या लिंबाखाली उभी राहून. लय वेळ गाणंच वाजत राह्यलं. म्हटलं आता कोनी बोलन, मंग कोनी बोलन. तिकडं गाडीचा टाइम झाला. तुमी माइकवर दोनदा पुकारलं. मी पळत आली, तवा सहा मिनिटं झालते."

त्याला आठवले. आपण काय लिहिले होते तेही आठवले. वाहक जागेवर नाही, गाडी सहा मिनिटे उशिरा. त्या नोंदीवरून तिला डेपोतून लेखी ताकीद आली होती.

"तुमी सगळ्यायले सगळं इचारता, साहेब," ज्योत्स्ना म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी गोष्ट सांगावी तसे ती सांगत होती. "त्या दिवशी मले नाई इचारलं."

गाडीची वेळ झाली. ती गेली. कागद टेबलावर तसेच पडले होते. मदनसिंगने वेळेवर माइक उचलला आणि गाडी पुकारली, पण पुढचा तासभर त्याचे लक्ष वहीत नव्हते.

तो मनाशी मोजू लागला. इतक्या वर्षांत आपण किती माणसांच्या नावापुढे उशीर लिहिला असेल? टायर का फुटला, ते आपण विचारले. इंजिन का तापले, ते विचारले. गाडीला विचारावे तसे माणसाला विचारले का? काही वेळा विचारलेही असेल. सगळ्या वेळा नाही. माणूस दोन दिवस उशिरा येतो आणि तरी त्याचा काही गुन्हा नसतो, हे त्याला आज कळत होते. आपण तर मुळीच उशिरा नव्हतो, हा त्याचा हट्ट ज्योत्स्नाच्या कामी येणार नव्हता. तिच्या कामी ती पेन्सिलीची रेघ येणार होती.

संध्याकाळी घरी जाऊन त्याने आपली दोन पाने बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला. या वेळी अर्जात सातच ओळी होत्या. अमुक तारखेला रक्कम जमा झाली. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ लोटलेला नाही. तरी शुल्क लावले. ते नियमाला धरून नाही. परत करावे, आणि ते चुकीने लावले होते असे लेखी कळवावे. तसाच दुसरा अर्ज त्याने ज्योत्स्नाच्या नावाने लिहिला. त्यात सात तारखा आल्या. आपल्या अर्जाखाली त्याने शेवटी एक ओळ जोडलीच. दोन दिवस रक्कम कोठे होती, तेही कृपया कळवावे.

---

मयंकने दोन्ही अर्जांवर शिक्का मारून पोच दिली. ज्योत्स्नाचा कागद वाचताना त्याने एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिले. ती गणवेशातच आली होती. मधल्या वेळेत, वाशिमची फेरी संपवून.

"ताई, तुमी शेवटची तारीख बदलून मागू शकता. पाचच्या जागी पंधरा करून घ्या. तसा अर्ज चालते."

"हे मले कोनी सांगितलं नाई," ज्योत्स्ना म्हणाली.

"नाही सांगत," मयंक म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. त्याने तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. तो अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला.

नियमाप्रमाणे बँकेच्या उत्तराची तीस दिवस वाट पाहायची होती. तीस दिवसांत बँकेचे एक पत्र आले, त्यात तुमचे पत्र मिळाले एवढेच होते. एकतिसाव्या दिवशी मदनसिंगने दोन्ही अर्जांच्या प्रती, बिले आणि पोच लावून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, थेट चंदीगडच्या पत्त्यावर, दोन पाकिटे रजिस्टर टपालाने पाठवली. तिथे तक्रार करायला पैसे पडत नाहीत, हे त्याला त्याच पुस्तिकेत शेवटच्या पानावर सापडले होते. आता ती छत्तीसच्या छत्तीस पाने त्याने शब्दकोश घेऊन वाचून काढली होती. फुलचंद म्हणायचा, एवढा अभ्यास मॅट्रिकला केला असता तर कलेक्टर झाला असता.

दरम्यान ज्योत्स्नाच्या घरी काय चालले होते ते तिने सांगितले नाही. एकदा फक्त म्हणाली, "यायले वाटते, उगा बँकेच्या नादी लागली. बँकवाले आहे ते कार्डबी बंद करतीन." मदनसिंगने विचारले, "तुले काय वाटते?" असा प्रश्न तिला फार दिवसांत कुणी विचारलेला नसावा. "मले त्यो कागद पाह्यजे," ती म्हणाली. "पैसे आले नाई तरी चालन."

दोन महिने गेले. मग एका मंगळवारी मयंकचा फोन आला.

शाखेत आलेली बँकेची पत्रे इंग्रजीत होती. मयंकने ती दोघांसमोर उभे राहून वाचली आणि मराठीत सांगितली. ज्योत्स्नाचे आधी. सातही वेळा लावलेले विलंब शुल्क नियमाला धरून नव्हते. चार हजार एकशे तीस रुपये खात्यात परत केले आहेत. ग्राहकाकडून कोणतीही कसूर झालेली नाही. गैरसोयीबद्दल दिलगिरी.

"ते परत वाचा," ज्योत्स्ना म्हणाली.

"चार हजार एकशे—"

"ते नाई. त्याच्या खालचं."

मयंकने वाचले. ग्राहकाकडून कोणतीही कसूर झालेली नाही. तिने बोट ठेवून ती ओळ कोणती ते पाहून घेतले, आणि पत्राच्या दोन झेरॉक्स मागितल्या.

मदनसिंगचे पत्र लहान होते. त्याचेही शुल्क चुकीने लागले होते, परत केले होते. दोन दिवसांबद्दल एकच वाक्य होते. सदर कालावधीत रक्कम प्रक्रियेत होती.

"प्रक्रियेत म्हंजे कुठी?" मदनसिंगने विचारले.

मयंकने डोके खाजवले. "खरं सांगू का काका? मलेबी नाही माहीत. मी इचारलं वरती. त्यायलेबी नाही माहीत." मग त्याने आपला मोबाइल काढला. "तुमचा अर्ज आला त्या दिवशी मी माह्यं स्वतःचं कार्ड पाह्यलं. दोनदा लेट फी लागलेली हाये. मी इथंच काम करतो, अन् मी पाह्यलंच नव्हतं."

"मंग? अर्ज केला?"

"आज करतो," मयंक म्हणाला.

---

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारची वाशिमची गाडी सात मिनिटे उशिरा आली. मदनसिंगने पेन उचलले, मग ठेवले आणि खिडकीबाहेर डोके काढून ज्योत्स्नाला विचारले, "काय झालतं?"

"एक म्हातारी होती. तिले उतरता येत नव्हतं. चार माणसं लागले."

त्याने तसे लिहिले. चार ओळी झाल्या, रकान्यात मावल्या नाहीत, समासात गेल्या.

सुटायला अजून वेळ होता. "चला, साहेब," ती म्हणाली, "चहा घेऊ." आजवर ती कधी असे म्हणाली नव्हती.

फुलचंदने चहाचे दोन कट पुढे केले. मदनसिंगने सवयीने खिशात हात घातला, तोवर ज्योत्स्नाने मोबाइल काढला होता. तो तिचाच होता, जुना, कडेला तडा गेलेला; बँकेचे ॲप त्यात पुन्हा आले होते. तिने तो भट्टीशेजारच्या चौकोनी कागदासमोर धरला, अंगठ्याने आकडे दाबले. थोडी सावकाश, हात मोडल्यावर पुन्हा लिहायला लागावे तशी.

तिचा हात खाली यायच्या आत, फुलचंदच्या बरण्यांमागे ठेवलेल्या छोट्या डब्यातून एका बाईचा आवाज आला, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असा.

"वीस रुपये मिळाले."

ज्योत्स्नाने मोबाइल गणवेशाच्या खिशात ठेवला, खिशाचे बटण लावले आणि चहाचा कट उचलला.